नुसती ‘निघा’ म्हणणारी सूचना काय कामाची?

महोदय,

एखाद्या देशात युद्धाची चिन्हे दिसू लागली की आपला तिथला दूतावास सूचना काढतो, ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, आणि पुढे कोणी अडकले की ‘सांगितले होते, ऐकले नाही’ म्हणायला सगळे मोकळे. युक्रेनच्या वेळी आमच्या लातुरातही हेच ऐकू येत होते. तिकिटाचे पैसे वाचवायला पोरे थांबली, असेही काहींनी ठरवून टाकले. डॉक्टर होण्यासाठी मुलांना बाहेर धाडणाऱ्या पालकांचा मला जवळून परिचय आहे, म्हणून हे पत्र.

घटनाक्रम पाहा. कीव्हच्या भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी कळवले की ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा. २० तारखेला सूर कडक झाला. २२ तारखेला सांगितले, ऑनलाइन वर्गांबद्दल विद्यापीठ काय ठरवते त्याची वाट पाहू नका. २४ला पहाटे रशियाचा हल्ला झाला, हवाई हद्द बंद झाली आणि मुलांना आणायला निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतूनच मागे फिरले.

मग मुले त्या आठवड्यात का निघाली नाहीत? तिकिटे महागली होती हे खरेच. पण त्याहून मोठी धास्ती परदेशातली डॉक्टरकीची पदवी इथे चालेल की नाही हे ठरवणाऱ्या आपल्याच राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची होती. नोव्हेंबर २०२१च्या नियमांनुसार परदेशातला वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि एकाच संस्थेत पूर्ण व्हायला हवा; नुसते ऑनलाइन शिकलेले आयोगाला चालत नाही. म्हणजे एक सरकारी खाते म्हणते निघा, दुसऱ्याचा नियम म्हणतो वर्ग सोडलास तर पदवी धोक्यात. घरी लाखो रुपयांचे कर्ज. विशीतल्या पोराने कोणाचे ऐकायचे?

याची किंमत खारकीव्हमध्ये दिसली. १ मार्चला कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याचा एक विद्यार्थी तिथे माऱ्यात मरण पावला. दुसऱ्या दिवशी दूतावासाची सूचना आली: संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, वाहन मिळाले नाही तर पायी पिसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदिव्का गाठा. ही गावे ११ ते १६ किलोमीटरवर. बर्फात, तोफांच्या आवाजात, पाठीवर सॅक टाकून मुले चालत गेली.

‘ऑपरेशन गंगा’ने हजारोंना सुखरूप आणले, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण विमान पाठवणे वेगळे आणि वेळेत सल्ला देणे वेगळे. आयोगाने दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिक्षण पुरे करायला ना-हरकत दिली ती सप्टेंबर २०२२मध्ये! तोच दिलासा फेब्रुवारीत मिळाला असता, तर किती जण विमानतळावर वेळेत पोचले असते?

अमेरिका प्रत्येक देशाला एक ते चार अशी धोक्याची पातळी देते; अडाण्यालाही कळते. तसे आपल्याकडे हवेच, आणि मराठीसह भारतीय भाषांत हवे. पण नुसत्या आकड्याने भागणार नाही. ‘देश सोडा’ची पातळी लागली की त्याच दिवशी हजेरी आणि अभ्यासक्रमाबाबत आयोगाचे लेखी आश्वासन यावे, आणि तिकिटांच्या दरांवर मर्यादा यावी. जून २०२५मध्ये तेहरानमधल्या भारतीयांनाही शहराबाहेर पडायला सांगावे लागले, त्यातही वैद्यकीयचे विद्यार्थी होतेच. पुढची वेळ कोणत्या देशाची येईल, कोण सांगणार?

पालकांनाही एक सांगणे. मुलगा पोचला की पहिल्या आठवड्यातच त्याची दूतावासात नोंदणी करून घ्या, आणि पासपोर्ट एजंटकडे किंवा वसतिगृहाच्या कचेरीत ठेवू देऊ नका. प्रवास विमा काढताना युद्धाचे कलम वाचा. बहुतेक विम्यांत ते वगळलेले असते, आणि एजंट ते आपणहून क्वचितच सांगतो.

— एक निवृत्त शिक्षक, लातूर