औषध शरीरात कुठे जाते, ते मराठीत दिसू द्या

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना औषधशास्त्र शिकवते. आपल्याकडे एकच मागणे आहे. औषधांचे शिक्षण ऑगमेंटेड रिॲलिटीतून (एआर) द्यायचे असेल, तर सुरुवात महागडे चष्मे घेऊन नको. ती मुलींच्या हातातल्या साध्या मोबाइलवर, मराठीतून व्हावी.

या तंत्रात मोबाइलचा कॅमेरा पुस्तकातल्या आकृतीवर किंवा वर्गातल्या पुतळ्यावर धरला की त्याच जागी रक्तवाहिन्या, यकृत आणि औषधाचा प्रवास दिसू लागतो. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड कधीच आले. कॅमेरा धरून शिकणे या मुलींना नवीन नाही.

पहिला धडा क्षयाच्या औषधांचा असावा. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. आयसोनायझिड आणि इथॅम्ब्युटॉल जंतूच्या भिंतीचे बांधकाम अडवतात, रिफॅम्पिसिन त्याचे आरएनए तयार होणे थांबवते, पायराझिनामाइड पेशीतल्या आम्लात दडलेल्या जंतूंना गाठते. फळ्यावर ही चार नावे लिहिली की पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. पण रिफॅम्पिसिन यकृतातून जाताना तिथली विकरे (एन्झाइम) वाढलेली आणि त्यामुळे गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरके भराभर मोडताना एकदा दिसली, तर ती मुलगी जन्मभर विसरणार नाही. गावात क्षयाच्या गोळ्या आणि माला-एन ही गर्भनिरोधक गोळी अनेकदा एकाच आशाताईच्या पिशवीतून जातात. दोन्ही एकत्र चालू असतील तर माला-एनवर विसंबता येत नाही, हे तिला ठाऊक असायलाच हवे. म्हणून हा धडा आरोग्य विभागाशी बोलून आशाताईंपर्यंतही न्या.

क्षयाच्या या औषधांनी लघवी नारंगी झाली की रुग्ण घाबरतो. हातापायांना मुंग्या येतात, लाल-हिरव्या रंगांतला फरक कळेनासा होतो, डोळे पिवळे दिसतात. यातले काय निरुपद्रवी आणि कशासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे नर्सला सांगता आले पाहिजे. ते कारणासकट सांगितले तर रुग्ण आपल्या मनाने गोळ्या सोडत नाही.

इथे एक धोका आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. औषधांच्या बहुतेक चित्रांत गोळी बाणासारखी दुखऱ्या जागेवर जाऊन आदळते. हे खोटे आहे. गोळी रक्तात मिसळते आणि रक्त नेईल तिकडे जाते. म्हणूनच फुप्फुसासाठी दिलेले औषध डोळ्याच्या नसेलाही त्रास देऊ शकते. कंत्राटदाराने आकर्षक बाण काढून दिले, तर पूर्वीचा गैरसमज चकचकीत होऊन परत येईल. प्रत्येक दृश्य औषधशास्त्राच्या अध्यापकांनी तपासल्याशिवाय वर्गात जाऊ नये.

औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत पूर्वी बेडकाचे हृदय, सशाचा डोळा असे. वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांची जागा संगणकावरच्या प्रयोगांनी घेतली, आणि ते योग्यच झाले. २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमातही औषधांचा रक्तदाबावर होणारा परिणाम संगणकाच्या साहाय्याने दाखवायचा आहे. मग नर्सिंग आणि डी.फार्म.ची मुले मागे का राहावीत?

हे काम बाहेरून विकत घ्यायची गरज नाही. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चे, दोन्ही मुंबईत. एकाचे अध्यापक आणि दुसऱ्याचे चित्रकार एकत्र बसवा, तांत्रिक बाजूला आयआयटी मुंबईला घ्या. तयार होणारे साहित्य इंटरनेटशिवाय चालावे आणि कोणत्याही महाविद्यालयाला ते फुकट वापरता यावे.

आधी थोड्या महाविद्यालयांत करून पाहा. निम्म्या वर्गांना एआरने, निम्म्यांना नेहमीसारखे शिकवा, सहा महिन्यांनी दोघांचीही परीक्षा घ्या आणि निकाल जाहीर करा. उपयोग दिसला नाही, तर तो पैसा ग्रंथालयांना द्या. त्याबद्दल माझी तक्रार नसेल.

आपली,
औषधशास्त्राची एक अध्यापिका