तारली परत आली, पण एवढीशी का?

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला, "तारली मासळी संपली संपली म्हणून तुम्ही शास्त्रज्ञ लोक बोंबलत होतात ना, मग आता ही ढिगानं आली ती कुठनं, आणि एवढीशी का?" व्हॉट्सअॅपवर उत्तर द्यायला घेतलं, पण दोन ओळीत मावेना आणि अर्धवट सांगितलं तर तू रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात तिथं, जाऊन भलतंच काही सांगशील, म्हणून म्हटलं नीट पत्रच लिहू. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

आधी आकडे. इथं कोचीत तारलीला मत्ती म्हणतात आणि साध्या घरात मासळी म्हणजे मत्तीच. सीएमएफआरआय, म्हणजे इथल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीत २०१२ साली एकट्या केरळात ३.९ लाख टन मत्ती उतरली आणि २०२१ साली किती, तर ३,२९७ टन. हजार टन नाही रे, नुसते टन. म्हणजे शंभर टोपल्या यायच्या तिथं एक धड भरेना. मग दोन-तीन वर्षांत परत चढली आणि २०२४ ला दीड लाख टनाच्या आसपास गेली. हे बघून कुणालाही वाटणार की शास्त्रज्ञ उगाच घाबरवत होते, आलीच की परत. पण ती का गेली आणि कशी आली हे कळायला आधी मासा कसा जगतो ते बघावं लागतं.

तारलीचं आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचं. पहिल्या वर्षातच चौदा-पंधरा सेंटीमीटर होते आणि तेवढ्यातच अंडी घालायच्या वयात येते. त्यामुळे समुद्रात कधीही बघ, एक किंवा फार तर दोन पिढ्याच असतात. घोळ किंवा वाम यांच्यासारखे दहा-बारा वर्षांचे म्हातारे मासे शिल्लक राहून वाईट वर्ष निभावून नेतील, तशी सोय हिच्यात नाही. लागोपाठ दोन पावसाळे पिल्लं जगली नाहीत की विषय संपला, आणि एकच पावसाळा झकास गेला की पुढच्या वर्षी समुद्र भरलेला. हिचं चढणं-उतरणं एवढं टोकाचं का, तर याच्यामुळे.

आता पावसाळा झकास म्हणजे काय? परवाच चेल्लानम बंदरावर वल्लम (इथली मासेमारीची नाव) लागली होती, तिथून थोडी मत्ती आणली आणि कापायला बसलो. पोट उघडलं की आत हिरवट तपकिरी चिखलासारखा लगदा निघतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काचेच्या पट्ट्यांच्या साखळ्या दिसतात, ते डायटम, पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. हिच्या कल्ल्यांना आतून इतके बारीक दाते असतात की पाणी गाळून हे एवढंसं खाणंसुद्धा अडकतं. आणि हे डायटम येतात कधी, तर नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकललं की खालचं गार, खताळ पाणी वर येतं, आधी कन्याकुमारीकडे आणि मग हळूहळू वर सरकत, तेव्हा. तारली अंडी घालते तीही जून ते ऑगस्टच्या सुमाराला, म्हणजे पिल्लं फुटेपर्यंत ताट वाढलेलं असावं असा हिशेब आहे. वारा उशिरा आला, पाणी जास्त तापलं, ताट रिकामं राहिलं, की पिल्लं उपाशी मरतात, तिथं जाळ्याचा काही संबंध नाही.

म्हणून ही चढ-उतार आजची नाहीच. मलबारात गेल्या शतकात तारली अशीच अनेकदा गायब झाली, १९४० च्या दशकात तर इतकी की १९४३ साली मद्रास सरकारला पकडण्यावर निर्बंध आणावे लागले. तेव्हा ना इंजिन होतं ना रिंगसीन, म्हणजे थव्याला घेरणारं मोठं जाळं. १९९४ लाही अशीच तळाला गेली होती. तू नेहमी म्हणतोस ना की सगळा दोष पर्ससीनवाल्यांचा (तशाच घेरणाऱ्या जाळ्यांच्या बोटींचा), तर तेवढं सरळ नाही ते.

पण पर्ससीनवाल्यांना सोडूनही देत नाही हां मी. २०१२ नंतर उतरण लागली होती, वरनं २०१५-१६ चा जोरदार एल निनो (पॅसिफिकचं पाणी तापून हवामान बिघडतं तो) आला, मासा नीट वाढेना, अंडी नीट तयार होईनात आणि नेमकं तेव्हाच बोटभर पिल्लं टनावारी उचलून फिशमीलच्या, म्हणजे माशांची पूड करायच्या, कारखान्यांना जात होती. चांगल्या वर्षात पिल्लं थोडी गेली तर समुद्र भरून काढतो, पण वाईट वर्षात जी मूठभर जगलीत तीच पुढची आई, तीच उचलली तर उठायला आधारच राहत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी इथल्या प्रत्येक मीटिंगमधे सांगतो. केरळानं १० सेंटीमीटरच्या आतली मत्ती पकडायला बंदी केली हे चांगलंच केलं, तरी १० ची मत्ती अजून एकदाही व्यालेली नसते हे विसरू नको. ती तडजोड आहे.

अजून एक गोष्ट, जी तुझ्या रापणीवाल्यांना जरूर सांग. तारली थव्यानं राहते. निम्मी झाली तरी थवा तेवढाच दाट, फक्त थवे कमी. फिशफाइंडर (पाण्यातला थवा दाखवणारं यंत्र) आणि मोबाईल असला की उरलेला थवा बरोबर सापडतो, जाळं पूर्वीसारखंच भरतं आणि सगळे म्हणतात मासा आहे की भरपूर! जाळ्यातली मासळी बघून समुद्रातली मोजली की फसगत होते, अगदी शेवटच्या वर्षापर्यंत काही कळत नाही आणि मग एकदम रिकामं.

आता तुझा खरा प्रश्न. २०२४ चा पावसाळा जमून आला, डायटम भरपूर, पिल्लं प्रचंड जगली. इतकी जगली की खाणाऱ्या तोंडांना खाणं पुरेना आणि वाढच खुंटली. २०२५ मधे इथं महिनोन् महिने जी मत्ती येत होती ती १० ते १२ सेंटीमीटरवर अडकलेली, हातात घेतली तर डोकं मोठं आणि अंग सुकलेलं, पावसानंतरच्या मत्तीला जी चरबी असते, तव्यावर टाकली की स्वतःचं तेल सोडते, ती कुठंच नाही. लोकांना घ्यावीशी वाटेना, किनाऱ्यावर भाव पडला. टन बघितले तर सुकाळ, आणि नावेवरच्या चाळीस माणसांत वाटणी केली तर डिझेल सुटायची मारामार. म्हणून आली ती खरीच आली, पण नुसते टन मोजून तिची तब्येत कळत नाही रे.

तुमच्या मालवणात काय चाललंय ते मला खरंच हवंय, कारण इकडची कमी झाली तेव्हा वर कोकणाकडे काय झालं हे आम्ही लांबून बोलतो. एक काम कर, रापण ओढली की ओंजळभर तारली बाजूला काढायची, निवडायच्या नाहीत, हाताला येतील त्या, आणि तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत पट्टीनं मोजून तारखेसकट वहीत लिहायची. पोट दाबून अंडी येतात का तेही लिही. सप्टेंबरपासून सुरू केलंस तर उत्तम, फोटो पाठवत जा, बाकी हिशेब मी करतो. आणि तुझ्या आईला सांग, दिवाळीत येतोय, तिखल्याला मोठी तारली मिळाली तर ठेव म्हणावं.

तुझाच,
कोचीवाला