शोअरिंगचे पैसे वेगळे मोजा

मा. संपादक,

ड्रेनेजच्या चरात माती ढासळून मजूर गाडले गेले की खापर पावसावर किंवा मजुरांवरच फुटते. मूळ चूक बरेचदा अंदाजपत्रकातच असते. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत (कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत) खोदाईच्या बाबीतच पाणी उपसणे, शोअरिंग (चराच्या बाजूंना फळ्यांचा आधार), स्ट्रटिंग (दोन बाजूंमधले आडवे टेके) धरलेले असते. फळ्या लावा वा न लावा, घनमीटरचा दर तोच. काम मिळावे म्हणून दर पाडून निविदा भरलेला लहान ठेकेदार मग सर्वांत आधी फळ्याच वाचवतो.

नियम स्पष्ट आहेत. दीड मीटर वा अधिक खोल चराच्या बाजू उताराने कापायच्या किंवा लाकडी आधाराने धरायच्या. निघालेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांतले जे जास्त तेवढी दूर टाकायची. शिडी काठाच्या वर मीटरभर हवी. गल्लीत मात्र जेसीबी अडीच मीटर खोल चर पाडतो, माती काठावरच रचतो आणि स्वतःही काठाला लागून उभा राहतो. शेजारून जुन्या पाण्याच्या लाइनचा भराव गेला असेल तर ती बाजू आधीच सैल, आणि लाइन गळत असेल तर ती बाजू कधीही ढासळते. नेमका त्याच वेळी मजूर खाली वाकून पाइपचा सांधा भरत असतो. एक घनमीटर माती दीड टनाहून जड भरते. छातीपर्यंत दबलेल्या माणसाचे तोंड उघडे राहिले तरी त्याला श्वास घेता येत नाही.

एका वेळी तीनच पाइपांपुरता चर उघडला, तर आधाराचा आठ मीटरचा एकच संच पुढे सरकवत वापरता येतो: चार सेंटिमीटर जाड उभ्या फळ्या, त्यांवर दहा बाय दहाचे आडवे वासे आणि साधारण सव्वा मीटरवर टेके. टेके वरून खाली लावत जायचे. काढताना भराव करत खालून वर यायचे. हा क्रम उलटला तर फळ्या लावणाराच आधाराविना खाली अडकतो.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत चराला लाकडी आधार देण्याची स्वतंत्र बाब आहे आणि ती फळ्या लावलेल्या क्षेत्रफळावर मोजली जाते. आपल्या महापालिका, नगरपालिका व जिल्हा परिषदांनी ती दीड मीटरपुढच्या प्रत्येक चराला लागू करावी. मोजमाप पुस्तकात तिची नोंद आणि मजूर उतरण्यापूर्वीचा फोटो नसेल, तर त्या लांबीच्या खोदाईचे बिल कनिष्ठ अभियंत्याने मंजूर करू नये.

– एक स्थापत्य अभियंता, पुणे