सुमे, एकदा आईशी बोल

खानापूर

प्रिय सुमी,

पत्र नाही म्हणून रागावली असशील, रागाव. आम्ही सगळे बरे. आईचे गुडघे तसेच. हे फोनवर बोलता येत नाही. शेजारच्यांची भिंत आमच्या भिंतीला लागून, आणि माईच्या पोराला, बाळूला एचआयव्ही आहे हे तुझ्याशिवाय बाहेर कुणाला ठाऊक नाही.

काल हळदीच्या डब्यामागं कागदाच्या पुडीत अर्ध्या-अर्ध्या गोळ्या सापडल्या. बाळूच्या.

मागच्या खेपेला बेळगावात त्याचं वजन १४ किलोच्या वर भरलं. मला इतका आनंद झाला की येताना कुंदा घेतला. त्याचं एचआयव्हीचं औषध वजनावर ठरतं: डोलुटेग्राव्हीरच्या विरघळणाऱ्या १० मिलीग्रॅमच्या गोळ्या १० ते १३.९ किलोपर्यंत रोज दोन, १४ पासून अडीच. जोडीच्या अबाकावीर-लॅमिवुडीन या गोळीचंही तसंच. मी सकाळी शाळेला जाते, औषध आई पाजते. तिनं ऐकलं ते एवढंच, की गोळी वाढली. म्हणजे दुखणं वाढलं. "माईचंबी असंच वाढवत न्हेलं," म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. वरची अर्धी ती काढून ठेवत होती. टाकली मात्र नाही, औषध टाकवत नाही तिला.

किती सांगितलं! अगं, गेल्या वर्षीचा सदरा त्याला यंदा बसतो का? लहान पोराचं शरीर औषध भराभर उरकतं. वजन वाढलं आणि मात्रा तीच राहिली, तर अंगात औषध कमी पडतं. विषाणू पुरता दबत नाही, हळूहळू त्या औषधाला दाद देईनासा होतो. मग पोराला दुसरं काय द्यायचं? ती मान हलवते, पण पटलेलं नाही. आणि पुढं वीस किलोला मोठ्यांची ५० मिलीग्रॅमची एकच गोळी येईल! विरघळणारी गोळी अंगात जास्त मुरते, म्हणून पंचवीसचे पन्नास हे दुप्पट नव्हे. पण हे तिला आत्ताच सांगू की नको, तूच सांग.

वजनावरून आठवलं, बेळगाव स्टेशनावरच्या मशीनवर तू पुस्तकांच्या पिशवीसकट चढलीस, मी आकडा मोठ्यानं वाचला आणि तू खानापूर येईपर्यंत तोंड फुगवून बसलीस. पिशवीचंच वजन होतं म्हणे! आता बाळूला काट्यावर उभं करताना मी चपला, स्वेटर सगळं उतरवते. एके ठिकाणी रेनकोटसकट मोजत होते, मी पुन्हा मोजायला लावलं. पावशेरानं तो अलीकडचा पलीकडं जातो, सुमे.

गोळ्यांचं औषधाच्या सेंटरात सांगायला सोमवारी जाणारच आहे. व्हायरल लोडचं, म्हणजे अंगात विषाणू किती ते मोजायचं, रक्त पुढल्या महिन्यात द्यायचंय. झोप लागत नाही.

तुझी नाईट ड्युटी संपली का? पोरीचा दहावीचा निकाल कळव. भाऊजींना नमस्कार.

आई माझं ऐकत नाही, पण "सुमन सिस्टर म्हणाली" म्हटलं की गप्प बसते. एखाद्या रविवारी कोल्हापूरहून ये. माईच्या शेवटच्या दिवसांत तू होतीस. तेव्हा काय झालं आणि औषध किती उशिरा सुरू झालं, ते आईला तूच सांगू शकतेस. बाळू घरात असेल तेव्हा बोलू नको, त्याला मी मळ्याकडं नेईन.

तुझी,
शालन