आबांच्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

आबा गेल्यावर तुम्ही भेटायला आलात तेव्हा घर पै-पाहुण्यांनी भरलेलं होतं, धड बोलता आलं नाही. म्हणून आता चारचौघांत लिहितोय.

कॅन्सर हाडात उतरलाय हे आबांना कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलं होतं. त्यांनी तुम्हालाच गाठलं, "पोरी, यातनं उठतोय काय मी?" तुम्ही खुर्ची पुढं ओढून म्हणालात, "नाही आबा. पण दुखणं कमी करता येईल." आत्या केवढी भडकली होती!

मरणाची आठवण ठेवली की माणूस नीट जगतो, हे कीर्तनात ऐकत आलोय. पण कळा येत असताना कुणाला काय सुचतंय? तुम्ही आधी त्या कळांकडं बघितलंत. डॉक्टरांनी दिलेली मॉर्फिनची गोळी, दुखायची वाट न बघता, दर चार तासांनी. सोबत पोट साफ राहायचं औषध. वेळा वहीत लिहायला नातीला बसवलंत. आबांना झोप लागायला लागली आणि डोकं चालायला लागलं.

मग काय! बांधावरनं बोलणं तुटलेल्या चुलतभावाला बोलावून मटण खाऊ घातलं, स्वतः वाटीभर पांढरा रस्सा घेतला. होळीला शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान द्यायला रिक्षातनं पंचगंगा स्मशानभूमीत गेले. आपल्या कोल्हापुरात महापालिका दहनाचे पैसे घेत नाही, त्याला या दानाचा मोठा आधार. तिथल्या माणसाला म्हणाले, "नीट रचून ठेवा, माझ्या वाटणीच्या पण ह्यातच हाईत." तो बिचारा हसावं की नको या पेचात!

व्हेंटिलेटर नको, हे लिहून ठेवता येतं, हेही तुमच्याकडनंच कळलं. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये ही वाट मोकळी केली, पण मॅजिस्ट्रेटची सही लागायची. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आबांची सही कागदावर होती, म्हणून शेवटच्या रात्री आम्हा भावंडांत 'दवाखान्यात हलवायचं की नाही' यावरनं भांडण झालं नाही. तुमचे सगळ्यात जास्त आभार यासाठी.

आता मलाही तसला कागद करायचाय. बायको म्हणते, धडधाकट असताना कशाला ही अवदसा! तिची समजूत काढतोय. एक साक्षीदार शेजारचे मास्तर आहेत, दुसरी सही तुमची हवी. सुट्टीचा वार कळवा, न्यायला येतो.

तुमचा,
आबांचा थोरला