साल दुसऱ्याचं, पाटी आपली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला सेंट ऑल्बन्सच्या पबवरचा लेख वाचला आणि रात्री नीट झोप लागली नाही. 'इसवी सन ७९३ पासून सुरू असलेला इंग्लंडमधला सर्वांत जुना पब' हे वाक्य मथळ्यात आहे, चौकटीत आहे आणि फोटोखालीही आहे. तीनदा छापलं म्हणून ते खरं होत नाही.

माझा मुलगा त्या गावात राहतो. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तीन महिने त्याच्याकडे होतो. रोज सकाळी फिरायला जाताना मी त्या 'ओल्ड फायटिंग कॉक्स'वरूनच जायचो. (लेखात शेजारून टेम्स वाहते असं लिहिलंय. ती व्हेर नदी आहे, आपल्या ओढ्याएवढी. टेम्स तिथून कितीतरी लांब, लंडनमध्ये आहे. एवढं तरी नकाशात बघून घ्यायला हवं होतं.) वास्तू सुंदर आहे, त्यात वादच नाही. अष्टकोनी, लाकडी सांगाड्याची. मुळात तो मठाचा कबुतरखाना. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला, आणि त्यानंतर कधीतरी हा कबुतरखाना नदीकाठच्या आताच्या जागी हलवला.

मग ७९३ कुठून आलं? मर्सिया या इंग्लंडातल्या जुन्या राज्याचा राजा ऑफा याने तिथला मठ स्थापन केला, त्याचं परंपरेने सांगतात ते हे साल. मठाचं साल पबाला कसं लागू होईल?

माझी ३१ वर्षं सिटी सर्व्हेत गेली. जुनी जागा दिसली की तिचे कागद बघितल्याशिवाय मला राहवत नाही. तिथल्या वाचनालयात मी स्थानिक इतिहासाची पुस्तकं काढून वाचली. पबाला परवाना असल्याचा सर्वांत जुना पुरावा १७५६ चा आहे. इमारत आताच्या जागी उभी राहिली ती १६०० च्या आधी नाही, हे खरेदीखतांवरून दिसतं. गिनीज बुकात या पबाची नोंद होती, पण २००० मध्ये त्यांनी 'सर्वांत जुना पब' हा विक्रमच काढून टाकला, कारण असा दावा सिद्ध करता येत नाही. तो पब त्याच गावातल्या 'व्हाइट हार्ट' किंवा 'फ्लर द लीस'पेक्षा जुना आहे, असंही कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

आता १७५६ हेच जन्मसाल धरावं, असंही मी म्हणत नाही. इंग्लंडात दारू विकायला परवाना १५५२ पासूनच लागत होता, पण परवान्यांची नोंदवही ठेवणं सक्तीचं झालं ते १७५३ च्या कायद्याने. त्यामुळे तीन वर्षांनी नोंद सापडते याचा अर्थ एवढाच, की १७५६ ला पब नक्की होता. त्याआधी असेलही. अशा वेळी 'निदान १७५६ पासून' असं लिहायचं असतं. एका 'निदान'ची जागा आपल्या पुरवणीत नव्हती का?

त्या खरेदीखतातलं जागेचं वर्णन मात्र माझ्या मनातून जात नाही. 'जिथे अलीकडेपर्यंत घर उभं होतं आणि जे पुरात नष्ट झालं, ती जागा.' हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

माझ्या वडिलांचं नारायण पेठेत छोटं हॉटेल होतं. चार बाकडी, चहा, भजी, सकाळी पोहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. हॉटेल गेलं, वरची राहती खोलीही गेली. तिसऱ्या दिवशी वडिलांनी चिखलातून पत्र्याची ट्रंक उकरून काढली. आत हॉटेलचा परवाना होता. कागदाचा खालचा अर्धा भाग काळपट झालाय, शाई पसरून सहीचा नुसता डाग उरलाय. पण वरच्या अर्ध्यात वडिलांचं नाव आणि १९३८ हे साल स्वच्छ वाचता येतं. वडिलांना पुन्हा हॉटेल काढायला जमलं नाही. त्यांनी दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहायची नोकरी धरली आणि ती वीस वर्षं केली.

त्या जागेवर आज जे हॉटेल आहे, ते दुसऱ्यांनी १९६७ मध्ये सुरू केलं. मिळकत पत्रिकेवर त्यांचं नाव लागलं तेही त्याच वर्षी. त्यांनी कष्टाने धंदा उभा केला, पदार्थ चांगले असतात, मी स्वतः तिथे जातो. पण दारावर पाटी आहे 'स्थापना १९३८'. ते साल माझ्या वडिलांचं आहे.

दोन वर्षांपूर्वी आपण याच पुरवणीत 'तीन पिढ्यांची ८५ वर्षांची परंपरा' म्हणून त्या हॉटेलवर पानभर लेख छापलात. मी मिळकत पत्रिकेची आणि परवान्याची झेरॉक्स जोडून पत्र पाठवलं, आठवण म्हणून दुसरं पाठवलं. ना छापलंत, ना उत्तर आलं. वाचकांच्या पत्रांना पूर्वी अर्धं पान असायचं, आता दोन पत्रं आणि खाली जाहिरात. छापायला जागा नसेल तर नसो, पण पत्र पोचल्याचा एक फोन तरी करायचात. माझी आई तेव्हा हयात होती. तिने तो पानभर लेख चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात ह्यांचं नाव कुठंय?"

आपल्या वार्ताहराने पाटीवरचं साल उतरवून घेतलं आणि विषय संपला. पुण्याच्या हॉटेलाचं तसंच झालं, इंग्लंडच्या पबाचंही तसंच. पब निदान साहेबाच्या देशात आहे, तिथे दप्तर शोधणारी माणसं आहेत आणि त्यांनी ७९३ ला हरकत घेऊन ठेवली आहे. आमच्या पेठेत हरकत घेणारा मी एकटाच उरलोय आणि मला आता चौऱ्याहत्तरावं लागलंय.

तेव्हा विनंती अशी, की पबाबाबतची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी. आणि १९३८ बद्दलही दोन ओळी छापाव्यात. मूळ परवाना माझ्याकडे आहे. तो हाताळला की तुकडे पडतात, म्हणून ऑफिसात घेऊन येणार नाही. आपलं कुणी घरी आलं तर दाखवीन. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो.

आपला,
एक जुना वाचक
नारायण पेठ, पुणे ३०