ताई, हिशेब माझ्याकडे सोपवल्याबद्दल

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

आमच्या युवा मंडळाच्या अभ्यासिकेत आता संध्याकाळी बसायला जागा पुरत नाही, हे तुमच्या कानावर आले असेलच. समाजमंदिराच्या ज्या खोलीत मंडपाचे बांबू आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असत, तिथे आज पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली शेजारी शेजारी बसून अभ्यास करतात. गावात अभिनंदन आमचे होते. तुमचे नाव त्यात कुठे येत नाही, आणि ते यावे अशी तुमची इच्छाही नाही. तरीही हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे, कारण इतके दिवस मनात साठलेले सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या वाट्याला मार्गदर्शक कधीच कमी आले नाहीत. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत आम्ही शाळेपासून बसत आलो. सतरंज्या घालणारे आम्हीच आणि टाळ्या वाजवणारेही आम्हीच. ‘आत्मविश्वास बाळगा’ असे तासभर सांगून वक्ते निघून जात, पण माईक एकदाही आमच्या हाती येत नसे. गावातल्या जुन्या मंडळात तर मुलींनी रांगोळी काढायची, पाहुण्यांना ओवाळायचे आणि मागे उभे राहायचे, असा अलिखित नियमच होता. वर्गणीसाठी दारोदार मुले फिरत, मात्र त्या पैशांचे पुढे काय झाले हे विचारणाऱ्याला ‘तुला काय कळतंय?’ एवढेच उत्तर मिळे. हीच माणसे पुढे व्यासपीठावरून आजच्या तरुणांना जबाबदारीची जाणीव नाही असे बोलत. ज्यांच्या हाती कधी कुठली जबाबदारी दिलीच नाही, त्यांच्याकडे ती जाणीव यायची कुठून? त्या बोलण्याचा मला आजही राग येतो.

निवृत्तीनंतर तुम्ही माहेरच्या गावी राहायला आलात आणि आमच्या बैठकीला येऊन सतरंजीवर बसलात. लहानपणी राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत जात असल्याचे तुम्ही एकदा ओघात सांगितलेत. एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या दलात मुले आणि मुली एकाच मैदानावर खेळत, हे ऐकल्यावर आमच्यातल्या मुली तुम्हाला कितीतरी वेळ प्रश्न विचारत राहिल्या. बैठकीचा अध्यक्ष दर वेळी बदलायचा, इतिवृत्त त्याच दिवशी लिहायचे आणि कोणाचेही वाक्य मध्येच तोडायचे नाही, एवढेच नियम तुम्ही घालून दिलेत. आमच्यातला एक जण अडखळत बोलतो, म्हणून त्याची वाक्ये नेहमी दुसराच कोणीतरी पुरी करून टाकत असे. तो अध्यक्ष असताना पहिल्यांदाच सगळ्यांनी त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकले.

मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो, आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते, हेही आम्हाला तुमच्याकडूनच कळले. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आमच्यापैकी कोणीही तोवर ग्रामसभेची पायरी चढले नव्हते.

त्या ग्रामसभेतला एक क्षण मात्र मला सविस्तर सांगायचा आहे. खोली अभ्यासिकेसाठी मिळावी असा ठराव मी वाचून दाखवला, तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ उठले. वर्गणी किती जमली, कपाटे कितीला पडणार, विजेचे बिल कोण भरणार, असे त्यांनी विचारले. प्रश्न योग्यच होते, पण ते विचारताना माझ्याकडे न बघता ते तुमच्याकडे बघत होते. आकडे तुम्हाला तोंडपाठ होते आणि तुम्ही बोलला असता, तर दोन मिनिटांत विषय संपला असता. तुम्ही शांतपणे म्हणालात, “हिशेब तिच्याकडे आहे, तिला विचारा,” आणि चष्मा काढून पदराने काचा पुसू लागलात. काचा स्वच्छच होत्या, हे शेजारी असल्यामुळे मला दिसत होते. मान खाली घालून तुम्ही त्या इतका वेळ पुसत राहिलात, की त्या गृहस्थांना माझ्याकडे वळण्यावाचून गत्यंतरच उरले नाही. वही उघडताना माझे हात कापत होते. पहिले दोन आकडे घशातच अडकले, तिसऱ्यापासून आवाज मोकळा झाला. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, तो थेट मला.

ठराव मंजूर झाला याचा आनंद आहेच. पण त्या दिवसापासून घरातही बाबा व्यवहाराच्या गोष्टी माझ्याशी बोलू लागले, बँकेत साहेबांसमोर मी खुर्ची ओढून बसू लागले, याचे मोल मला त्याहून अधिक वाटते. मदत करणारी माणसे समाजात आहेत, पण केलेल्या मदतीवर हक्क न सांगता वेळेवर बाजूला होण्याचा सुसंस्कृतपणा फार थोड्यांकडे असतो. असा चांगुलपणा गाजावाजा करत नाही, म्हणून त्याची नोंद कुठेच होत नाही. आमच्या इतिवृत्ताच्या वहीत तुमच्या नावाचा आभाराचा ठराव आम्ही तुम्हाला न विचारता नोंदवला आहे, तेवढा राहू द्यावा.

अभ्यासिकेपासून वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर दिवे नसल्यामुळे मुलींना अंधार पडण्याआधीच घरी निघावे लागते. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्या दिव्यांचा ठराव मंडळातर्फे आमचा तो अडखळत बोलणारा मित्र मांडणार आहे. त्याने स्वतःहून नाव दिले आहे. त्या दिवशी तुम्ही गावात असाल, तर अवश्य यावे.

आपली नम्र,
सचिव, युवा मंडळ